०.१८ कुठं बसवायचं?

सकाळी ६.२०

विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एचओडी सरांचा निरोप येऊन पडलाय. ‘विद्यार्थी व अध्यापक यांची कामगिरी, विहित नमुन्यात, आज सायंकाळी ५ पर्यंत. निरंक चालणार नाही.’ खाली तीन अंगठे आलेले. चौथा मी टाकते आणि कुकर चढवते.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडं तक्त्यांचा हंगाम. बाहेर शिवारात हळद निघत असते, आत कपाटातून फायली. एनबीएची, म्हणजे राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाची समिती येणार असली तर बोलायलाच नको. त्यांच्या स्वयंमूल्यमापन अहवालात विद्यार्थ्यांच्या कामगिरीचा निकष वेगळा, अध्यापकांच्या योगदानाचा वेगळा, आणि प्रत्येकापुढं गुण. आमच्या तक्त्याला रकाने सात: नाव, कार्यक्रम, स्थळ, दिनांक, पातळी, क्रमांक, प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे काय. सातव्यात ‘होय’ नसेल तर आधीचे सहा भरूनही उपयोग नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकी शिकवते. पदवीवाले आम्हाला ‘डिप्लोमावाले’ म्हणतात. आमचीच मुलं थेट दुसऱ्या वर्षाला त्यांच्या वर्गात जाऊन बसली की मात्र ‘हे डिप्लोमाचे, यांना मशीन माहीत असतं’ असंही तेच म्हणतात. दोन्ही खरं आहे.

८.५५

रिसाला बाजारातून निघाले. निजामाच्या काळात हिंगोलीत फौजेची छावणी होती, म्हणून शहरात रिसाला आहे, पलटण आहे, तोफखानाही आहे. घोडे गेले, नावं राहिली. आता याच रस्त्यावर हळदीच्या पोत्यांनी भरलेले टेम्पो सकाळपासून बाजार समितीच्या दिशेनं लागलेले असतात, आणि त्यांच्या मागं अडकलेली माझी स्कूटी.

९.४५

दुसऱ्या वर्षाचा तास. पट उघडला तर निम्मी बाकं रिकामी. कारण विचारायची गरज नसते. ‘मॅडम, हळद शिजवायलेत घरी.’ बॉयलर भाड्यानं आलेला असतो आणि तो गावात एका वेळी एका घरी एकच दिवस थांबतो, त्या दिवशी घरातला प्रत्येक हात लागतो. हजेरीच्या नियमात या गैरहजेरीला जागा नाही, मी अशांच्या नावापुढं पेन्सिलीनं बारीक ‘ह’ लिहिते. बाकी तासाबद्दल सांगण्यासारखं विशेष काही नाही. शिअर फोर्सची आकृती काढली, तीन जणांना कळली, बाकीच्यांना उद्या कळेल.

१०.५०, टर्निंग शॉप

इथं मात्र थांबावं लागेल, कारण आजचा दिवस इथंच घडला.

लेथ सहा, चालू पाच. सहाव्याचा हाफ नट झिजलाय, मागणीपत्र गेलेलं आहे. शॉपचे कर्मचारी, आमचे मामा, कोपऱ्यात ग्राइंडरवर टूलला धार लावत बसलेले. जॉब रोजचाच. एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा बार टर्न करून ३० मिलिमीटर व्यासाला आणायचा आणि एका टोकाला ४० मिलिमीटर लांबीत ३० वरून २० वर उतरणारा टेपर काढायचा. पद्धत कम्पाउंड रेस्ट, म्हणजे टूल धरणारी वरची स्लाइड, फिरवण्याची. सूत्र सगळ्यांना पाठ असतं. मोठ्या व्यासातून लहान वजा करा, लांबीच्या दुपटीनं भागा, येईल ते कोनाचं टॅन. १० भागिले ८० म्हणजे ०.१२५. कोन येतो ७.१२५ अंश.

आता कम्पाउंड रेस्टच्या बुडाशी खुणा कोरलेल्या असतात एकेका अंशाच्या. तिथं ७ दिसतं, ८ दिसतं, ७.१२५ कुठून दिसणार? म्हणून पोरं ७ वर लावतात, बोल्ट आवळतात आणि कामाला लागतात. ड्रॉइंगवर मोकळी-ढाकळी सूट दिलेली असते, जॉब पास होतो, सही होते.

सेनगाव तालुक्यातली एक मुलगी आहे बॅचला. मेकॅनिकलला मुली मुळात कमी, त्यात ही बोलायलाही कमी. ती जॉब घेऊन आली नाही, व्हर्नियर घेऊन आली.

“मॅडम, लहान टोकाला वीस पॉइंट अठरा यायलंय.”

“चालतंय की. सुटीत बसतं.”

“बसतंय. पण अठराच काऊन?”

मामांनी ग्राइंडरवरूनच निकाल दिला, “टूल घासलंय. बदल.” टूल तिनं सकाळीच त्यांच्याकडून धार लावून घेतलं होतं, ते तिनं त्यांना सांगितलं. मग मामांचा दुसरा निकाल आला, “तर मग व्हर्नियर तिरका धरला असशील.” हा आरोप मात्र वजनदार होता. टेपरवर व्हर्नियर धरणं ही कसरतच असते. जबड्याची जाड बाजू लागली की ती चढाच्या वरच्या अंगाला टेकते आणि माप हमखास जास्त दाखवते. मुलगी परत लेथवर गेली. जबड्याचं पातळ टोक अगदी कडेला टेकवलं, श्वास रोखून वाचलं, चक हातानं अर्धा फेरा फिरवला, परत वाचलं. २०.१८. पुन्हा २०.१६. पुन्हा २०.१८.

मग ती बाकावर बसली आणि जॉब कार्डाच्या मागं आकडे मांडायला लागली. मी दुसऱ्या लेथवर होते, पण कान तिकडंच. सात अंशाचं टॅन ०.१२२८. त्याला ८० नं गुणलं की ९.८२. ३० मधून ९.८२ गेले, उरले २०.१८.

“मॅडम, टूल बरोबरे, व्हर्नियर बरोबरे. कोनच कमी हाय. आपण सगळे दरसाली सातच लावतोत.”

कार्ड मी दोनदा तपासलं. एकही पायरी चुकलेली नव्हती. तिला मापात जी तफावत दिसली तीच तिला हिशेबात शंभरावा भाग न सोडता सापडली होती. यंत्र अभियांत्रिकीत याहून मोठं सुख मला तरी ठाऊक नाही, आणि ते मिळायला प्रयोगशाळा करोडोंची असावी लागत नाही, एका व्हर्नियरवर भागतं.

पुढचा प्रश्न मामांचा होता. “कोन सापडला, पण लावणार कसा? अष्टमांश अंश काय डोळ्यानं लावते का?” आणि उत्तरही त्यांनीच दिलं, कारण ते त्यांना माहीत होतं, आम्ही कधी विचारलं नव्हतं इतकंच. “डायल आणा.”

मेट्रॉलॉजी लॅबच्या कपाटातून डायल गेज आला, नोंदवहीत सही करून. मामांनी तो टूल पोस्टला बांधला, टर्न केलेल्या ३० च्या दंडगोलावर त्याचा प्लंजर अक्षाला काटकोनात आणि बरोबर सेंटरच्या उंचीवर टेकवला. कम्पाउंडची स्लाइड तिच्या स्वतःच्या डायलवर २० मिलिमीटर पुढं सरकवायची. कोन खरा असेल तर टूल पोस्ट कामापासून किती दूर जाईल? २० गुणिले त्या कोनाचं साइन. २.४८ मिलिमीटर. “आधी प्ले काढून घे, मग शून्य लाव,” मामा म्हणाले. स्क्रूतला ढिलेपणा एका दिशेनं घेतला नाही तर सगळा हिशेब पाण्यात.

पहिल्यांदा काटा थांबला २.४४ वर. म्हणजे ७ अंश, चोर जागेवर सापडला. बोल्ट किंचित सैल, हातोडीच्या मुठीनं हलका टोला. २.५०. उलट टोला. २.४६. तोवर बाकीच्या चार लेथच्या मोटर बंद करून सगळी बॅच भोवती जमली होती, आणि प्रत्येक टोल्यागणिक क्रिकेटची ओव्हर चालू असल्यासारखा आवाज. २.४८ ला बोल्ट आवळले. आवळताना काटा परत हलला, परत सगळं पहिल्यापासून. अर्धा तास गेला. पुढचा जॉब तिनं काढला तो २०.०२.

बॅचचे बाकीचे जॉब अर्धवट राहिले ते वेगळं. अध्यापन नियोजनाच्या वहीत आजच्या प्रात्यक्षिकापुढं ‘अपूर्ण’ लिहिलं. खरं तेच लिहिलं.

दुपारी १.१५

डबा. टेबलावर तक्ता पसरलेला आणि त्याच्यावर लोणच्याचा डाग पडू नये म्हणून तिघांची धडपड.

विद्यार्थ्यांचा भाग लवकर भरला. तंत्रनिकेतनांच्या आंतरसंस्था क्रीडा स्पर्धांमध्ये कबड्डीचा संघ, प्रमाणपत्र होय. तंत्र शिक्षण मंडळाच्या पेपर प्रेझेंटेशनमध्ये दोघांचा सहभाग, क्रमांक नाही, प्रमाणपत्र होय. मागच्या बॅचमधले काही नांदेडला विष्णुपुरीच्या एसजीजीएस संस्थेत थेट दुसऱ्या वर्षाला लागले. १९८१ पासून मराठवाड्यातल्या डिप्लोमावाल्या घरांमध्ये ‘एसजीजीएसला लागला’ हे वाक्य पेढ्यांसकटच उच्चारलं जातं. उरलेले चाकणला, रांजणगावला, वाळूजला. त्यांच्या नेमणुकीची पत्रं आमच्याकडं येतात, पण एका खोलीत सहा जण राहून रात्रपाळी करत पहिल्या सहा महिन्यांत ते काय शिकतात, त्याची नोंद कुणाकडं येत नाही.

मोठ्या ठिकाणांचे तक्ते कसे असतील असं मनात येतंच. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ ला पीएसएलव्ही-सी ३४ वरून अवकाशात गेला. वजन किलोभरही नाही, आणि अवकाशात तोंड सरळ ठेवायला वीज न खाणारी चुंबकाची युक्ती. तक्त्यात ही एक ओळ, पातळी राष्ट्रीय. त्या ओळीसाठी बॅचेसच्या बॅचेस खपल्या, आणि त्यांतल्या कुणीतरी कधीतरी रात्री ‘अठराच काऊन’ असं विचारल्याशिवाय तो उडाला नसणार, हे मी पैजेवर सांगते.

अध्यापकांच्या भागाला मात्र घाम फुटतो. एनपीटीईएलचे बारा आठवड्यांचे कोर्स, पाच दिवसांचे ऑनलाइन एफडीपी (अध्यापक विकास कार्यक्रम), भोपाळच्या एनआयटीटीटीआरचं प्रशिक्षण, शोधनिबंध, आणि अलीकडं आलेलं डिझाइन नोंदणीचं पीक. ज्या यंत्राचं फक्त चित्र आहे आणि चित्राखाली सहा-सात नावं आहेत, अशा नोंदण्यांना ‘पेटंट’ म्हणून मिरवताना पाहिलं की मला ते यंत्र एकदा सुरू करून दाखवा म्हणावंसं वाटतं. पण सगळंच पोकळ नाही. समोर बसलेल्या आमच्या सहकारी मॅडमनी व्हायब्रेशनचा कोर्स बाळ झोपल्यावर रात्री अकरानंतर बसून पुरा केला, प्रॉक्टर्ड परीक्षेला नांदेडला जाऊन आल्या, आणि तेव्हापासून त्यांचा तो धडा ऐकायला मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात. प्रमाणपत्र होय, आणि कामगिरीही होय. दोन्ही एकत्र आली की तक्ता भरायला मजा येते.

या देशातल्या यंत्र शिकवणाऱ्या मास्तरांमध्ये सर्वांत मोठी कामगिरी कुणाची म्हणाल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांची. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये ते शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली, नोकरी सोडली, बेळगावला सायकलींच्या दुकानात आले. तिथून कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. नोकरीत असताना त्यांनी आमचा हा नमुना भरला असता तर शोधनिबंध निरंक, एफडीपी निरंक. एचओडींनी परतच पाठवला असता.

आणि आमच्या मामांसाठी तर तक्त्यात ओळच नाही. ‘अध्यापक’ म्हटलंय, कर्मचारी नाही.

२.४०, औंढ्याच्या रस्त्यावर

अंतिम वर्षाच्या एका गटाचा प्रकल्प पाहायला निघाले. चार मुलं दोन मोटारसायकलींवर, मी त्यांच्यातल्या एकाच्या काकांच्या गाडीत. पालखी-दिंड्यांचा हा रस्ता. औंढा नागनाथ पुढं, नामदेवांचं नरसी हिंगोलीच्या दुसऱ्या अंगाला. पण पोरांना अलीकडं औंढ्याचं दुसरंच कौतुक. दुधाळा गावाच्या शिवारात लायगो-इंडिया होणार आहे, गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा. २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्राची अंतिम मंजुरी, खर्च २,६०० कोटी. काटकोनात दोन भुजा, प्रत्येक ४ किलोमीटरची.

“मॅडम, तिथं आमचं काय काम? तिथं पीएचडीवाले लागतेत,” चहाच्या टपरीवर थांबल्यावर एकानं विचारलं.

हा प्रश्न मला दरवर्षी येतो, आणि दरवर्षी मी उत्तर जरा लांबवते, कारण विषय आमचा आहे. अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ ला पहिल्यांदा लहर टिपली, तेव्हा बातम्या आइन्स्टाइनच्या झाल्या. पण तिथल्या भुजा म्हणजे काय, तर सुमारे १.२ मीटर व्यासाची, फक्त ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेस स्टीलची नळी. पत्रा पिळासारखा गोल वळवून सर्पिल वेल्डिंगनं जोडलेली, वीसेक मीटरचे तुकडे एकमेकांना लावलेले. आत जवळपास निर्वात. दोन्ही भुजांतली हवा काढायला पंप ४० दिवस चालले होते. एवढ्या वेल्डमध्ये सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तर सगळं मुसळ केरात. शिवाय ४ किलोमीटरमध्ये पृथ्वीची गोलाई मीटरभराहून जास्त खाली जाते, प्रकाशाचा किरण मात्र सरळच जातो. म्हणून खालचं काँक्रीट त्या हिशेबानं ओतावं लागतं. आणि टोकाला ४० किलोचा आरसा, ०.४ मिलिमीटर जाडीच्या काचेच्या धाग्यांवर टांगलेला.

“काचेच्या?”

“काचेच्या.”

“म्हणजे वेल्डर लागतेत,” दुसरा म्हणाला.

“वेल्डर लागतात, लेव्हल घेणारा लागतो, आणि वेल्ड तपासून ‘हे चालणार नाही’ म्हणणाराही लागतो. त्या शेवटच्याला सगळे शिव्या देतात. तुमच्यातलं कोण होतंय तो?”

चौघंही चहा पीत राहिले.

३.२०, शेतात

हळद काढून ढीग घातलेले. वाफेचा बॉयलर धडधडतोय, त्याला नळीनं जोडलेले दोन ड्रम. गड्डे आणि हळकुंडं वेगळी शिजवायची, शिजली का ते काडी टोचून पाहायचं, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग पॉलिशच्या ड्रममध्ये घालून फिरवायची. पाच क्विंटल ओली हळद शिजून वाळली की साधारण एक क्विंटल हाती लागते, म्हणजे पाचातले चार भाग पाणी आणि कष्टच. आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचं हरिद्रा संशोधन केंद्रही आहे. भावाला त्याचा कितपत उपयोग होतो ते बाजार समितीत उभं राहिल्यावर कळतं. शिजवण्याच्या जागी मात्र अजून काडीच.

मुलांचा मुद्दा साधा होता. वाफ ड्रममध्ये खालून शिरते. वरची हळद शिजेपर्यंत खालची गाळ होते. त्यांनी ड्रमच्या मधोमध छिद्रांची उभी नळी बसवली आणि तीन उंचीवर तीन डायल थर्मामीटर लावले. वही नीट होती. दर दोन मिनिटांनी तिन्ही वाचनं, जुन्या ड्रमचीही आणि नव्याचीही. जुन्यात वरचा काटा खालच्याच्या बराच मागं रेंगाळायचा, नव्यात तिन्ही काटे जवळजवळ बरोबर चढत होते. छिद्रांची मापं वरून खाली बदलली होती, खाली लहान, वर मोठी. हे कुणी सांगितलं, विचारलं. “कुणी नाय. पहिल्या नळीत सगळी वाफ खालच्या छिद्रांतूनच जायली होती.” पहिली नळी शेजारीच पडलेली होती, कुणी लपवली नव्हती. प्रकल्प अहवालात तिचा फोटो आधी येईल असं मी वहीत लिहून दिलं.

प्रकल्प पाहण्याआधी मी एक गोष्ट केली होती, ती इथं सांगते. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह तारेनं बांधून टाकलेला होता. फुसफुस करतो, वाफ वाया जाते म्हणून. भाड्याच्या बॉयलरवर हे सर्रास दिसतं. तार काढल्याशिवाय मी ड्रमजवळ जाणार नाही आणि पोरांनाही जाऊ देणार नाही, असं सांगितलं. चालवणारा कुरकुरला. तार निघाली, व्हॉल्व्ह फुसफुसला, दाब खरा किती ते काट्यावर दिसलं. आग कमी करावी लागली. मुलांनी त्याच पानावर दाबाचाही रकाना आखला.

शेताचे मालक, एका मुलाचे आजोबा, सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “बाई, काटे बरोबर चढतेत, चांगलं झालं. पण लाकूड किती वाचलं?”

चौघं एकमेकांकडं बघायला लागले. तपमान मोजलं होतं, वेळ मोजला होता, दाब आत्ता मोजला. लाकूड मोजलं नव्हतं. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्यानं विचारलेला पहिला प्रश्न, आणि तोच वहीत नाही.

“उद्या आमच्या भावकीत याच बॉयलरवर जुन्या पद्धतीनं शिजणार हाय,” आजोबा म्हणाले, “परवा पुन्हा आमची. मोजा की.”

सायंकाळी ५.१०

तक्ता घेऊन एचओडींसमोर. माणूस वाईट नाही, त्यांच्यावर वरून दोरी ओढलेली असते. त्यांनी ओळी वाचत खूण करत आणल्या, आणि शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. मी लिहिलं होतं: ‘टेपर टर्निंगमधील ०.१८ मिमी तफावतीचे कारण शोधून कोनाची अचूक मांडणी.’ पातळी: टर्निंग शॉप. क्रमांक: २०.०२. प्रमाणपत्र: जॉब आणि जॉब कार्ड उपलब्ध.

“मॅडम, हे ०.१८ मी कुठं बसवू?”

“विद्यार्थ्यांच्या कामगिरीत.”

“स्पर्धा नाही, आयोजक नाही. समिती विचारेल.” ते दोन मिनिटं पानं उलटत राहिले, मग चेहरा उजळला. “हां! अध्यापकांच्या निकषात ‘अध्यापनातील नवोपक्रम’ आहे. डायल गेज वापरून टेपर सेटिंग. तुमच्या नावावर टाकतो. गुण मिळतात त्याला.”

हा माणूस मला मनापासून मदत करत होता, म्हणूनच नाही म्हणायला जड गेलं. पोरीचा हिशेब, मामांची युक्ती, आणि नाव माझं. मी काय केलं होतं? ‘चालतंय की’ म्हटलं होतं. असे किती ‘नवोपक्रम’ या फायलींमध्ये कुणाकुणाच्या नावावर जाऊन बसलेत कोण जाणे. आणि त्यातल्या एकानंही खोटं बोललेलं नसतं, रकान्याची सोय तेवढी असते.

वाद घातला, आवाज न चढवता. शेवटी वाट सापडली तीही त्याच अहवालात. विभागाचं वार्तापत्र निघतं, विद्यार्थ्यांचं लेखन त्यात छापलं की त्याची नोंद विद्यार्थ्यांच्याच निकषात होते. ठरलं असं: मुलगी एक पान लिहील, आकृतीसकट, मराठीत, तिच्या नावानं. सोबत मामांचा फोटो आणि ‘मार्गदर्शन’ म्हणून त्यांचं नाव. सरांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, “‘मापन’ म्हणून एक रकाना वाढवला तर चांगलं होईल तसं. सगळ्यांकडूनच मागवतो. काय मोजलं, किती आलं.”

५.४० ला ग्रुपवर सुधारित नमुना आला, आठ रकान्यांचा, उद्या ११ पर्यंत. त्याखाली एकही अंगठा नाही. पार्किंगमध्ये सहकाऱ्यांनी मला ज्या नजरेनं पाहिलं ती मी इथं नोंदवत नाही.

रात्री ८.३०

सेनगावच्या मुलीला फोन केला. एक पान लिहायचंय म्हटल्यावर ती गप्प. मग विचारलं, “इंग्रजीत?” मराठीत म्हटल्यावर आवाज मोकळा झाला. “तर मग पहिलं वाक्य मामांचं टाकते, टूल घासलंय ते.” टाक म्हटलं.

९.५०

प्रकल्पाच्या गटाचा मेसेज. पहाटे पाचला बॉयलर पेटणार, भुसार दुकानातून वजनकाटा मागून आणलाय, लाकडाची मोळी मोजूनच आत टाकणार. आणि लगेच दुसरा मेसेज: ‘मॅडम, लाकूड अर्धं बाभळीचं वाळलेलं हाय अन् अर्धं लिंबाचं ओलं. वजन एकच धरायचं का?’

लिहिलं: ‘नाही. दोन्ही वेगळं मोजा आणि कुठल्या ड्रमला कुठलं किती गेलं ते लिहा. जमलं तर परवाच्या दिवसासाठी सगळं वाळलेलंच मागा आणि उद्याही फक्त वाळलेलंच लावा, नाहीतर तुलना चालणार नाही. आणि व्हॉल्व्हला तार बांधलेली दिसली तर आधी फोन करा, पाच वाजले असले तरी.’